एकच औषध, शेतात आणि रुग्णालयात

(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२१च्या मे महिन्यात आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते रुग्णाचे कागद हातात घेऊन अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी दुकानोदुकानी हिंडत होते. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात म्युकरमायकोसिसच्या ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ४,३०० हून अधिक माणसे दगावली. अनियंत्रित मधुमेह आणि कोरोनाच्या उपचारात स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर ही त्यामागची प्रमुख कारणे होती. त्या दिवसांत नातेवाईक एकच प्रश्न विचारीत : ‘हे औषध मिळत नसेल तर दुसरे का देत नाही?’ आजचा विषय या साध्या प्रश्नातूनच निघतो.

बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशीला मारील पण माणसाला अपाय करणार नाही असे औषध सापडणे कठीण. शरीरात खोलवर शिरणाऱ्या बुरशींसाठी आपल्या हाती औषधांचे जेमतेम तीन मोठे वर्ग आहेत : अँफोटेरिसिन, व्होरिकोनाझोलसारखी अ‍ॅझोल औषधे आणि एकायनोकँडिन. म्युकर वर्गातील बुरशी व्होरिकोनाझोलला आणि एकायनोकँडिनला उपजतच दाद देत नाहीत. उलट अ‍ॅस्परजिलस टेरियस ही बुरशी अँफोटेरिसिनला जुमानत नाही. म्हणून बुरशी कोणती, हे प्रयोगशाळेत ठरल्यावाचून उपचार म्हणजे अंधारात मारलेला बाण ठरतो.

हा झाला उपजत रोध. त्याहून चिंताजनक आहे तो कमावलेला रोध. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, फक्त नावाने नाही. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, खताच्या ढिगात ती वाढते आणि तिचे बीजाणू आपण रोज श्वासावाटे घेतो. निरोगी माणसाला त्याचे काही होत नाही. रक्ताच्या कर्करोगाचा किंवा अवयवरोपण झालेला रुग्ण मात्र त्याने प्राणास मुकू शकतो. अशा रुग्णांसाठी २००२ साली व्होरिकोनाझोल वरदान ठरले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर हे औषध घेणारे सुमारे ७१ टक्के रुग्ण जिवंत होते. जुन्या अँफोटेरिसिनच्या गटात ते प्रमाण ५८ टक्के होते.

पुढे नेदरलँड्समधील डॉक्टरांना विचित्र गोष्ट आढळली. ज्या रुग्णांनी आयुष्यात कधी अ‍ॅझोल घेतले नव्हते, त्यांच्याही फुफ्फुसातील बुरशी या औषधाला दाद देईना. मग रोध आला कोठून? शोध घेता तो शेतात सापडला. ट्यूलिपच्या कंदांवर आणि इतर पिकांवर फवारली जाणारी बुरशीनाशके — टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, डायफेनोकोनाझोल — ही रुग्णालयातील अ‍ॅझोलचीच सख्खी भावंडे आहेत. फवारलेला कचरा खताच्या ढिगात कुजतो, तेथे औषधाचा अल्प अंश उरतो, आणि त्यात तगून राहील तीच बुरशी फोफावते. तिच्या एका जनुकात दुहेरी बदल झालेला असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘टीआर३४/एल९८एच’ म्हणतात. अ‍ॅझोल ज्या विकरावर घाव घालते, ते विकर ही बुरशी अधिक प्रमाणात बनविते आणि त्याचा आकारही बदलते. किल्ली तीच, पण कुलूप बदललेले! नेदरलँड्समधीलच २०१९च्या एका अभ्यासात अशा रोधी बुरशीच्या रुग्णांपैकी ४९ टक्के सहा आठवड्यांत मृत्यू पावले; औषधाला दाद देणाऱ्या बुरशीत हे प्रमाण २८ टक्के होते.

हे युरोपचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी हाच जनुकीय बदल भारतीय रुग्णांत दाखविला. त्यानंतर तो भातखाचरांच्या आणि चहाच्या मळ्यांच्या मातीतही त्यांना आढळला. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीसाठी हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल सर्रास फवारले जाते. यात शेतकऱ्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. भुरी आली की वर्षभराचे कष्ट मातीमोल होतात, आणि दुकानदार देईल ते त्याने घ्यायचे, अशीच व्यवस्था आपण उभी केली आहे. दोष आहे तो कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी एकमेकांकडे पाठ फिरवून बसण्याचा.

या रोधावर मात कशी होते? अँफोटेरिसिन थेट बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉलला पकडते, त्यामुळे अ‍ॅझोलरोधी बुरशीवरही ते बहुधा चालते. त्याचा विषार मूत्रपिंडाला सोसवत नाही, म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म गोलकांत, लायपोसोममध्ये, भरून देतात. येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमलकुमार बच्छावत यांच्या प्रयत्नांतून असे लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिन आपल्याच देशात सिद्ध झाले. त्याआधी, साठच्या दशकात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! स्वदेशी संशोधनाची ही परंपरा पुढे का रोडावली, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

जगात आता ओलोरोफिम आणि फॉसमॅनोजेपिक्स ही दोन नवी औषधे चाचण्यांतून पुढे आली आहेत. दोन्हींचे लक्ष्य निराळे असल्याने अ‍ॅझोलरोधी बुरशीवरही ती काम करतात. परंतु दुर्दैव पाहा. ओलोरोफिम ज्या विकरावर घाव घालते, त्याच विकरावर घाव घालणारे इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचे बुरशीनाशक जपान-अमेरिकेत आधीच संमत झाले आहे, आणि एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही जुमानत नाही हे प्रयोगशाळेत दिसले आहे. फॉसमॅनोजेपिक्सचीही तीच गत. अमिनोपायरिफेन हे त्याचे शेतीतील भावंड. म्हणजे औषध रुग्णाच्या उशाशी पोहोचण्याआधीच बोथट होऊ लागायचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत वरच्या गटात ठेवले, ते उगीच नव्हे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे दोन मागण्या ठेवतो. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात बुरशीची जात आणि तिची औषधसंवेदनशीलता तपासण्याची सोय असावी, यासाठी लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरा. आणि कोणत्याही नव्या बुरशीनाशकाला शेतीसाठी परवाना देण्यापूर्वी, त्याच लक्ष्यावरचे औषध माणसांसाठी घडत आहे काय, हे आरोग्य खात्याला विचारणे सरकारने बंधनकारक करावे. शेतकऱ्यांत काम करणाऱ्या मंडळींनी फवारलेल्या पाल्याचे उघडे ढीग बागेत तसेच कुजत ठेवू नयेत, एवढे तरी या हंगामापासून सांगायला सुरुवात करावी.