घरबसल्या कारभाराचे पहिले गिऱ्हाईक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याचा मला सराव नाही. पण या वर्षात मंडळातल्या पुष्कळ जणींनी मला एकच प्रश्न विचारला. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "प्रत्येकीला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगा." प्रश्न असा, की घरी बसून फोनवर दुसऱ्याचा कारभार सांभाळण्याचे काम करावयाचे तर पहिले गिऱ्हाईक मिळवावे कसे?

प्रथम हे काम काय ते सांगते. शिवणकाम करणाऱ्या बाई कापड बेतत असतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या बाईंच्या हाताला चिवड्याचे तेल लागलेले असते. आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. कोणी वेळ विचारतो, कोणी भाव विचारतो, कोणी "माझे काम झाले का" म्हणून विचारतो. उत्तर मिळाले नाही की माणूस दुसरीकडे जातो. ही उत्तरे द्यावयाची, वेळा वहीत मांडावयाच्या, ऑर्डरी लिहून ठेवावयाच्या, कोणाकडे किती बाकी आहे ते पाहून गोडीने आठवण करावयाची, एवढे काम आपण आपल्या घरून करू शकतो. असे काम करणारीला इंग्रजीत व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. समोर न बसता दुरून कारभार पाहणारी ती. आपण तिला कारभारीण म्हटले तरी चालेल.

पुष्कळ भगिनी म्हणतात, "आम्हांला कोठे इंग्रजी येते?" मी स्वतः सातवीपर्यंत शिकले आहे. आपल्या गावातली गिऱ्हाइके मराठीतच विचारतात आणि त्यांना मराठीतच उत्तर हवे असते. टाइप करावयास वेळ लागत असेल तर फोनच्या कळफलकावर माइकचे चिन्ह असते. ते दाबून मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात. पाठविण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे म्हणजे झाले. आणि जिने मंडळाच्या भिशीचा हिशेब ठेवला, लग्नाच्या आमंत्रणांची यादी केली, सहलीची वर्गणी गोळा केली, तिने हेच काम केलेले आहे. फक्त त्याचे पैसे घेतलेले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आपल्यातल्या काही जणी पहिले काम इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारात शोधतात. तेथे देशोदेशीचे लोक उभे असतात, आणि काम देणारा आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे वाचून निवड करतो. जिने अजून काम केलेच नाही तिच्याकडे शेरे कोठून असणार? म्हणून तो बाजार पुढे केव्हातरी पाहावा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होऊ नये. पहिले गिऱ्हाईक हे आपल्याला ओळखणाऱ्या माणसांतच असते.

लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसल्या. पहिल्या दिवशी पापडांची 4 पाकिटे झाली. ती त्यांनी दूरदेशी पाठविली नाहीत. जवळच्या भुलेश्वरातल्या व्यापाऱ्याला विकली. पुढे केवढा उद्योग झाला ते आपण जाणता. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

तर करावे काय? एक वही घ्यावी. ज्यांच्याकडे आपण नेहमी जातो अशा वीस जणांची नावे लिहावीत. शिवणकामवाल्या बाई, ब्युटी पार्लर, गिरणी, शिकवणीचे सर, पोळीभाजी केंद्र, दवाखाना, मंगल कार्यालय, गॅस दुरुस्तीवाला. प्रत्येकासमोर त्याची अडचण लिहावी. फोन उचलत नाही. दिलेली वेळ विसरतो. उधारीची चिठ्ठी हरवतो. एकच भाव दिवसातून दहा वेळा सांगतो. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही त्याचे नाव खोडावे. उरलेल्यांतून पाच निवडावेत. ही वही करावयास दोन दुपारी पुरतात, आणि तीच आपली खरी जाहिरात.

मग त्या माणसाच्या रिकाम्या वेळी जावे. शिवणकामवाल्या बाईंकडे ऐन लग्नसराईत संध्याकाळी सहाला जाऊन उपयोग नाही. दुपारी दोनला जावे. "काही काम असेल तर सांगा," असे म्हणू नये. अशा बोलण्यावर लोक "बरे, सांगू" म्हणतात आणि विसरतात. नेमके बोलावे. मी माझ्या पहिल्या बाईंना म्हणाले ते असे: "तुमच्या गिऱ्हाइकांना कपडे केव्हा मिळणार ते कळत नाही, म्हणून ते सारखे फोन करतात. मी रोज एक तास तुमच्या दुकानाचे निरोप पाहीन, तारखा वहीत लिहीन आणि कपडे तयार झाले की कळवीन. आठ दिवस करून पाहू. पटले तर पुढे महिन्याचे तेराशे रुपये." त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटले. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे खोटे नाही.

तेराशे हा आकडा कोठून आला तेही सांगते. रोजचा एक तास, रविवार सोडून महिन्याचे सव्वीस दिवस, आणि तासाला पन्नास रुपये. प्रत्येकीने आपला तासाचा दर आपण ठरवावा, पण हिशेब असा मांडावा. अंदाजाने बोललेला आकडा घासाघीस सुरू होताच कोलमडतो. तासांचा हिशेब समोर ठेवला तर माणूस फार तर तास कमी करा म्हणतो.

भगिनींनो, येथेच आपल्या बायकांची खरी अडचण आहे. गिऱ्हाईक मिळते, पण ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागावेत, या संकोचाने आपली जीभ अडते. "असू द्या हो, नंतर बघू," असे आपणच म्हणतो. मग ते काम उपकाराचे होते. उपकाराच्या कामाला वेळेचे बंधन राहत नाही. रात्री दहालाही निरोप येतो. घरची माणसेही म्हणतात, "ही तर नुसती फोनवर बसलेली असते." ज्या कामाचे पैसे ठरलेले नाहीत ते काम आहे असे कोणालाच वाटत नाही, आणि काही दिवसांनी आपल्यालाही वाटत नाही. म्हणून पैशांचे बोलणे पहिल्याच दिवशी करावे. आठ दिवसांच्या परीक्षेचेही थोडे पैसे घ्यावेत. त्यामुळे ओळख तुटत नाही. दूधवाला आपल्या ओळखीचा असतो, आपण त्याची विचारपूस करतो आणि महिन्याचे बिलही देतो.

ठरलेले सर्व एका कागदावर लिहावे. कोणते काम करावयाचे, किती वाजता, सुट्टी केव्हा, पैसे कोणत्या तारखेला, आणि कोणते काम करावयाचे नाही. दोघींनी त्याची एकेक प्रत ठेवावी. मी अकरा ते बारा ही वेळ ठरविली आणि तो कागद घरात कॅलेंडरशेजारी लावला. तेव्हापासून त्या तासाला घरातही मान मिळाला.

साधने फार लागत नाहीत. व्यापाऱ्यांसाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप 2018 सालापासून आहे आणि ते फुकट आहे. त्यात मालाचे फोटो व भाव मांडता येतात, नेहमीची उत्तरे तयार ठेवता येतात, आणि "नवीन ऑर्डर", "पैसे बाकी" अशी लेबले लावता येतात. दुकानाच्या नंबरावरचे हे खाते आपल्या फोनलाही जोडता येते. मात्र तेथले सर्व निरोप मग आपल्याला दिसतात, म्हणून मालकिणीने दुकानाचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवावा, हे आपणच तिला सांगावे.

यातून दुसरी जबाबदारी येते. कोणाची दाढ काढली, कोणाचे कंबरेचे माप किती, कोणाची उधारी थकली, हे आपल्याला कळते. ते आपल्या पोटात राहिले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली कायदाही झाला आहे. पण कायद्याआधी आपला शब्द आहे. हळदीकुंकवात अशी एक गोष्ट तोंडातून निघाली तर गिऱ्हाईक जाते आणि परत येत नाही. तसेच कोणाचा ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड आपल्याकडे घेऊ नये, विश्वासाने दिला तरी घेऊ नये. पैसे थेट त्यांच्या खात्यात जावेत, आपण फक्त नोंद ठेवावी. आणखी एक. आपल्या नावाच्या खात्यावरून लोकांची रेल्वेची तिकिटे काढून वर पैसे घेण्याचे काम पत्करू नये. अधिकृत एजंट नसताना तो धंदा करणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

आता सावधगिरीची गोष्ट. पहिल्या कामाची घाई झालेल्या बायकांना गाठणारे लोक पुष्कळ आहेत. "घरबसल्या टायपिंग करा, आधी नोंदणीचे पाचशे भरा." "व्हिडिओ पाहून पसंती द्या, पैसे मिळतील." आरंभी शेदोनशे रुपये येतातही. मग मोठी रक्कम भरावयास सांगतात आणि ती बुडते. कोणी म्हणतो, "तुमचे बँक खाते वापरावयास द्या, कमिशन देऊ." अशा खात्यातून चोरीचा पैसा फिरविला जातो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. यावर साधा नियम लक्षात ठेवावा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. तरीही कोणी फसली तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा जास्त.

पाचांपैकी तीन ठिकाणी नकार येईल असे धरूनच चालावे. नकार मिळाला तर रागावू नये. "तुमच्या ओळखीत कोणाला अशी अडचण आहे का?" एवढे विचारून निघावे. आणि पहिले काम मनासारखे चालले की महिन्याच्या शेवटी मालकिणीला सांगावे, "माझ्याबद्दल दोघींशी बोला." माझ्या शिवणकामवाल्या बाईंनी पार्लरवाल्या बाईंना सांगितले, आणि त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना. आज माझी तीन कामे आहेत. तीन तासांच्या वर घेत नाही, कारण घर मलाही आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. मंडळाच्या खोलीत एक वही ठेवावी. डाव्या पानावर आपल्या पेठेतल्या कोणाला मदतनीस हवी आहे ते लिहावे, उजव्या पानावर कोणती भगिनी कोणत्या वेळेत काम करू शकते ते लिहावे. आणि दोघीदोघींनी जोडी करावी, म्हणजे एकीच्या घरी आजारपण किंवा कार्य निघाले तर दुसरी तिचे काम आठ दिवस ओढून नेईल. एकटीचे काम अशाच वेळी तुटते. मंडळात इतक्या वर्षांत आपण एकमेकींची लग्ने पार पाडली, बाळंतपणे काढली. मग एकमेकींची कामेही आपण सांभाळू शकू.

डाव्या पानावरची पहिली नोंद माझी धरावी. डॉक्टरीणबाईंच्या मैत्रिणीला संध्याकाळी पाच ते सहा या वेळेसाठी मदतनीस हवी आहे. ती वेळ मला जमत नाही. ज्या भगिनीला जमेल तिने सभा संपल्यावर मला भेटावे. मात्र येताना तासाचा दर ठरवून यावे.