"तू तर बारीक आहेस, तुला काय होतंय?" – लेप्टिन आणि इन्सुलिनची गोष्ट

इयरफोन लावून लोकलमध्ये बसला असाल, तर आवाज जरा वाढवा. आजचा विषय पोटाचा आहे.

पावसाळ्यात मळवलीला उतरून भाजे लेणी, लोहगड, विसापूर करणारे तुमच्यातले कितीतरी जण असतील. खाली भाजे गावात आलं की कांदाभजीचा वास येतो, आणि मग ठरलेलं वाक्य: "खा रे, तू तर बारीक आहेस, तुला काय होतंय?" आज याच वाक्याची चिरफाड करूया.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४ साली दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, चरबी असली तर असू दे, काय बिघडलं? तर ही चरबी नुसती पडून नसते, ती बोलते. तिच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला त्याचं जनुक सापडलं. लेप्टिन रक्तातून मेंदूत जातं आणि सांगतं, "कोठीत धान्य आहे, घाई नको." चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि भूक वाढते.

इन्सुलिनचा यात काय संबंध? जेवलो की साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते साखर पेशींत पोचवतं, उरलेली चरबी म्हणून साठवायला लावतं, आणि चरबीच्या पेशींना लेप्टिन बनवायलाही सांगतं. उलट बाजूने लेप्टिन स्वादुपिंडाला म्हणतं, "बास, आता जरा दमानं." म्हणजे दोघं एकमेकांवर लक्ष ठेवून असतात.

गडबड कुठे होते? चरबी खूप वाढली की लेप्टिनही भरपूर असतं, पण मेंदू त्याचं नीट ऐकेनासा होतो. कोठी भरलेली, तरी भूक चालूच. इन्सुलिनचंही तेच होतं. पेशी दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओततं. ते थकलं की डायबिटीस.

म्हणूनच "तोंडावर ताबा नाही" म्हणून कुणाला टोमणे मारू नका. आणि आठवडाभर उपाशी राहायचा डाएट तर नकोच. उपाशी राहिलं की चरबी थोडीच उतरते, पण लेप्टिन झपाट्याने पडतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला! मग आठव्या दिवशी वडापाववर तुटून पडता, त्यात नवल ते काय?

आपल्याकडे ही गोष्ट जन्मापासूनच सुरू होते. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याच्या हलक्या बाळांमध्ये इन्सुलिन जास्त निघालं. म्हणजे आईच्या पोटात असतानाच पाया पडतो. घरातल्या मुलींचं आणि सुनांचं ताट आधी भरा, असं मी म्हणतो ते यासाठी.

मग करायचं काय? काट्यासोबत टेपही घ्या. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ८०च्या. घरात डायबिटीस असेल, तर बारीक असलात तरी साखर तपासा. ताटात इंद्रायणीचा भात खुशाल असू दे, पण डाळ-उसळ वाढवा. स्नायू कमवा, ते साखर वापरतात. त्यासाठी विसापूर आहेच की!

हा भाग त्या बारीक मित्राला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!