डोळा शार्प, बाकी पुसट



लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, चार पैसे हातात आले की पहिलं काय घेणार? उत्तर ठरलेलं: एटी फाइव्ह, वन पॉइंट फोर. म्हणजे ८५ मिलिमीटरची, एफ/१.४ पर्यंत अॅपर्चर उघडणारी लेन्स. का? तर मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. माझी तक्रार इथूनच सुरू होते. मागचं वितळवायला अशी लेन्स जन्मालाच आली नव्हती.

१८३९ मध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्समधून उजेड फार थोडा यायचा. इमारतींना त्याचं काही नाही, पण माणसाला मिनिटं न् मिनिटं निश्चल बसावं लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी साधारण एफ/३.६ ची पोर्ट्रेट लेन्स कागदावर गणित करून सिद्ध केली. आकडेमोडीला चक्क तोफखान्यातली माणसं होती! भिंगं बनवणाऱ्या फोग्टलेंडरने ती बनवली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. कडेला चित्र पुसट येई, ते लोकांनी चालवून घेतलं. हवा होता तो उजेड. पुसटपणा ही त्याची किंमत. आज आपण किंमतच माल म्हणून विकतो.

सिनेदिग्दर्शक कुब्रिकला हे नेमकं ठाऊक होतं. ‘बॅरी लिंडन’मधले (१९७५) मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग त्याने नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ लेन्सवर घेतले. नट जरा पुढे झुकला की फोकस गेला, म्हणून पात्रं जागची फारशी हलत नाहीत. त्या दृश्यांचा संथपणा थोडाफार लेन्सनेच लादलेला आहे.

आता आपल्या पोराकडे येऊ. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ची लेन्स, एफ/१.४, समोर दीड मीटरवर नथ घातलेल्या आजी. शार्प पट्टा किती? जेमतेम अडीच सेंटिमीटर. कॅमेऱ्याने नथीचे मोती पकडले की डोळा सुटला. डोळा पकडलात तर नाकाचा शेंडा मऊ. आजींनी श्वास घेतला, तुमचा हात किंचित डोलला, की पट्टा डोळ्यावरून घसरला. मधल्या बिंदूवर फोकस लॉक करून मग फ्रेम जुळवायची जुनी सवय इथे घात करते, कारण कॅमेरा वळवताना फोकसची पातळीही वळते. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर जरूर वापरा, पण तो कधी चष्म्याच्या फ्रेमला भुलतो, हे ध्यानात असू द्या. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा पकडायचा. आणि एफ/२.८ वर गेलात तर पट्टा दुप्पट होतो. त्यात कमीपणा काही नाही.

भर उन्हात तर आणखी पंचाईत. आयएसओ १०० ला एफ/१.४ साठी शटर सुमारे १/१२८०० लागतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/८००० ला थांबतं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर सरळ माणसाला पडवीत बसवा. मी दुसरं करतो. सावलीत डोळे मिचकावले जात नाहीत, हा वरचा फायदा.

पण खरा प्रश्न तंत्राचा नाही. येवल्याच्या विणकराचा फोटो दीड मीटरवरून एफ/१.४ ला काढलात, तर मागचा माग गेला, ताणा गेला, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. उरलेला चेहरा छान असेल, पण तो मुंबईतल्या स्टुडिओतही निघाला असता. त्यापेक्षा मागे सरून चार मीटरवर या. तीच लेन्स, तेच अॅपर्चर, पण पट्टा अठरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. माग पुसट राहतो, तरी माग आहे हे कळतं. चेहऱ्याची ठेवणही बिघडत नाही, कारण नाक मोठं दिसणं हा अंतराचा दोष, लेन्सचा नव्हे. अगदी जवळूनच हवा असेल, तर एफ/५.६ ला लाजू नका.

मग एफ/१.४ पूर्ण उघडायचं कधी? गोंधळाला जा. विजेचे दिवे बंद, दिवटीचा उजेड, संबळ तापलेलं. तिथे या लेन्सला तोड नाही. आयएसओ चढवा, शटर १/१२५च्या खाली नेऊ नका, आणि गोंधळी दिवटीकडे तोंड करील तेव्हाच बटण दाबा.