कार्थेजची ओसाड टेकडी आणि एक कादंबरी



गुस्ताव फ्लोबेर हे नाव लिसेंवमध्ये फ्रेंच शिकलेल्या पिढीला परके नाही. ‘मादाम बोव्हारी’बद्दल १८५७ साली त्याच्यावर खटला झाला व तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी त्याने समकालीन समाजाकडे पाठ फिरवून प्राचीन कार्थेजवर लेखणी उचलली. विषय होता इ. स. पूर्व २४१ ते २३७ मधील भाडोत्री सैनिकांचे बंड. रोमशी चाललेले युद्ध हरल्यावर पगार थकला, आणि ज्यांच्या बळावर लढाई केली तेच सैन्य नगरीवर उलटले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने हा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

ग्रंथांचे ढीग वाचूनही लेखन पुढे सरकेना. अखेर १८५८ च्या एप्रिलमध्ये फ्लोबेर आफ्रिकेस निघाला व जूनमध्ये परतला. तेथे पाहण्यासारखे उरले होते ते थोडेच. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सैन्याने कार्थेज जाळून उद्ध्वस्त केले. पुढे रोमनांनीच तेथे आपले नगर वसविले. तेही ६९८ मध्ये अरबांच्या हातून पडले आणि त्याचे खांब ट्यूनिस व कैरवान येथील इमारतींना लागले. कार्थेजमधील ग्रंथसंग्रह रोमच्या सिनेटने आफ्रिकेतील राजांना वाटून टाकले. मागोचा शेतीवरील ग्रंथ तेवढा लॅटिनमध्ये उतरविण्याचा हुकूम झाला, कारण तो जेत्याच्या उपयोगाचा होता! म्हणजे त्या नगरीची जी कथा उरली, ती बहुतांशी वैऱ्याच्या तोंडची. ज्यांची कुलदैवते सोळाव्या शतकात कुट्ठाळी-केळशीहून अंत्रुज महालात आली, त्या कुटुंबांस मूळ स्थानी जाऊन रिकामी जमीन पाहणे म्हणजे काय, हे समजावून द्यावयास नको.

मग प्रवासाने लाभले काय? भूमी लाभली. बिर्सा टेकडीवरून आखाताचे पाणी कसे दिसते, पैलतीरी दोन शिखरांचा डोंगर कोठे उभा आहे, उन्हात मातीचा रंग कसा पालटतो, हे कोणत्याही ग्रंथात नव्हते. परतताच त्याने मित्रास कळविले की आधीचे सारे पाडून नव्याने उभारावयाचे आहे. त्यास आणखी चार वर्षे लागली. ‘सालांबो’ प्रसिद्ध झाली ती १८६२ च्या नोव्हेंबरात.

टीका झडली. पुरातत्त्वज्ञ फ्रोनर याने चुका काढल्या. फ्लोबेरने आधारग्रंथ दाखवून त्याला सडेतोड उत्तर दिले. टीकाकार सेंत-बव्ह याला लिहिताना मात्र तो अधिक मोकळा झाला. कादंबरीतील बंडखोर जलसेतूतून नगरीत शिरतात व पुढे तोच फोडून नगरीला तहानेने कासावीस करतात. शंभर किलोमीटरांहून लांब असलेला, झागवानच्या झऱ्यांचे पाणी आणणारा तो जलसेतू रोमनांचा, म्हणजे कथेच्या काळानंतर कित्येक शतकांनी बांधलेला. कार्थेजकरांच्या वेळी तेथे जलसेतू नसावा असे आपले खाजगी मत आहे, हे त्याने पत्रात कबूल केले. कमानी डोळ्यांपुढे उभ्या होत्या, त्या सोडवल्या नाहीत. अवशेष पाहून लिहिणाऱ्याचा असा मोह क्षम्यच म्हणावा लागेल.

मोलोखपुढे बालके बळी देण्याचे प्रकरण अनेकांस निव्वळ अतिशयोक्ती वाटले. १९२१ साली जुन्या बंदराजवळ तान्ह्या मुलांच्या व पशूंच्या जळलेल्या अस्थींनी भरलेले कलश सापडले. तो बळी होता की अकाली गेलेल्या बालकांचे दफन, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. त्या वस्तीचे नाव मात्र आज सालांबो असेच आहे.