निकामी कोण ठरवतं?

(युवक शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज इंग्लंडातल्या एका कालव्याची गोष्ट सांगायला उभा राहिलोय. काहींना वाटेल, हे काय नवीन खूळ? आपल्या वस्तीतल्या नळाला पाणी नाही, आणि हा तिकडच्या कालव्याचं पुराण लावणार. पण मी भटजी नाही, आणि हे पुराणही नाही. कागदावरचा हक्क कसा मारला जातो आणि मारलेला हक्क पुन्हा कसा उठवतात, याची ही गोष्ट आहे. त्यातलं आपल्या कामाचं किती ते शेवटी तुम्हीच ठरवा.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. त्याच्या दक्षिणेला एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचं गाव आहे. शेक्सपियरचं गाव म्हणून शाळेत आपल्याला ते पाठ करायला लावलं. त्या काळी रस्ते म्हणजे चिखल. बैलगाडीभर कोळसा न्यायचा तर जनावरांचा जीव जायचा. तोच कोळसा पाण्यावर ठेवला की एक घोडा टनावारी ओढून नेतो. म्हणून १७९३ साली पार्लमेंटात कायदा झाला, की बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत कालवा खणायचा. एकूण सुमारे चाळीस किलोमीटर. १७९६ साली कालवा हॉकली हीथपर्यंत पोचला आणि पैसा संपला. १८०२ पर्यंत कसाबसा किंग्जवूडला दुसऱ्या कालव्याला जोडला आणि काम थांबलं. दक्षिणेचा भाग १८१२ साली हाती घेतला, तो १८१६ साली स्ट्रॅटफर्डला पोचला. तेवीस वर्षं लागली. हा दक्षिणेचा भाग म्हणजे एकवीस किलोमीटर. सगळा शेताशिवारातून जाणारा, आणि त्यावर छत्तीस लॉक. आपली गोष्ट याच भागाची आहे.

लॉक म्हणजे काय? पाणी उतारावरून वाहून जातं, नाव डोंगर चढत नाही. म्हणून उतारावर कालव्याच्या पायऱ्या करतात. प्रत्येक पायरीला एक लांबट दगडी-विटांची कुंडी, दोन्ही टोकांना लाकडी दारं. नाव आत घ्यायची, दारं लावायची, झडप उघडून पाणी सोडायचं. कुंडी भरते, नाव वर येते. पुढचं दार उघडलं की नाव वरच्या पायरीवर. ना इंजिन, ना वीज. पाण्याचं वजन आणि माणसाचा हात. विल्मकोट गावापाशी अशा अकरा पायऱ्या एकापाठोपाठ एक आहेत.

आता विचारा, हे खणलं कोणी? मशीन नव्हतं. कुदळ, फावडं आणि एकचाकी ढकलगाडी. खणणाऱ्या मजुरांना इंग्लंडात 'नॅव्ही' म्हणत. कालव्याला तिकडे 'नॅव्हिगेशन' म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. खणून झाल्यावर पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाला चिकणमातीचा थर द्यायचा आणि ती ओली माती पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची. मैलोगणती. इंजिनियर विल्यम व्हिटमोर, पैसा उभा करणारा विल्यम जेम्स, ही नावं इतिहासात राहिली. माती तुडवणाऱ्या पायांना नावं नाहीत. ही रीत आपल्याला नवीन नाही.

मात्र काम बघा कसं केलंय. एडस्टनला दरीवरून कालवा नेलाय तो लोखंडी पन्हळीतून. एकशे पंचेचाळीस मीटर लांब, खाली विटांचे खांब, वरून नाव जाते. पूल बांधले ते मधोमध चिरलेले. लोखंडी पुलाचे दोन अर्धे तुकडे दोन काठांवरून पुढे येतात आणि मध्ये बोटभर फट राहते. कशासाठी? घोडा पुलाशी आला की नावेचा दोर सोडावा लागू नये, तो त्या फटीतून ओवावा, म्हणून. हातांनी काम करणारा माणूसच असला विचार करतो.

मग हा कालवा मेला कसा? मेला नाही. मारला.

१८५६ साली एका रेल्वे कंपनीने तो विकत घेतला. पुढे १८६३ साली ती कंपनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेली आणि कालवाही तिच्याबरोबर गेला. म्हणजे ज्याचा धंदा रुळांवर चालतो, तोच पाण्याच्या वाटेचा मालक झाला. असा मालक कालव्यातला गाळ कशाला काढेल? दारं कुजली तर नवी कशाला बसवेल? कायद्याने कालवा बंद करता येत नाही, म्हणून त्याने तो बंद केला नाही. नुसतं बघत बसला. गाळ साचला, नावा रुतू लागल्या. नावा रुतू लागल्या म्हणून माल येईना. माल येईना म्हणून दुरुस्ती होईना. १९३० च्या पुढे दक्षिण भागात नाव दिसणं मुश्कील झालं. १९४८ साली कालवे सरकारच्या ताब्यात गेले, तेव्हा सरकारच्या हाती आली ती झुडपं वाढलेली चारी.

रेल्वे विरुद्ध कालवा हे भांडण आपल्याकडेही झालंय. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी बाबासाहेब कटकला ओरिसाच्या नद्यांवर बोलले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधाऱ्यांचं धोरणही त्यांच्या खात्यात आखलं जात होतं. कंपनी सरकारच्या काळात जलमार्गांना मान होता, पुढे रेल्वे की कालवे असा वाद पेटला, सर आर्थर कॉटन कालव्यांच्या बाजूने लढले आणि रेल्वेवाले जिंकले, हा इतिहास त्यांनी तिथे मांडला. ज्यांना वाटतं बाबासाहेब म्हणजे नुसती घटना आणि निळा कोट, त्यांनी हे भाषण शोधून वाचावं. पाण्याच्या वाटेचा एवढा बारीक विचार करणारा मंत्री त्या मंडळात दुसरा कोण होता?

आता गोष्टीतला खरा भाग.

१९४४ साली टॉम रोल्ट नावाच्या माणसाचं नावेतल्या प्रवासावरचं 'नॅरो बोट' नावाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते वाचून लोक हलले. १९४६ साली त्याने आणि रॉबर्ट एकमनने जलमार्गांसाठी संघटना काढली. याच कालव्याच्या उत्तर भागात लिफर्डला एक उचलता येणारा पूल होता. युद्धाच्या काळात रेल्वेने त्याच्या जागी पक्का पूल टाकून दिला. खालून नाव जाईना. पण मूळ कायद्याने नाव नेण्याचा हक्क जिवंत होता. रोल्टने काय करावं? अर्जविनंत्या नाही केल्या. कळवलं, मी नाव घेऊन येतोय. १९४७ च्या मे महिन्यात तो नाव घेऊन आला आणि रेल्वेला जॅक लावून तो पूल उचलावा लागला. मग दुसरी नाव येणार म्हणून कळवलं. पुन्हा पूल उचला!

हे लक्षात ठेवा, कारण पुढचा डाव याहून भारी आहे. १९५८ साली वॉरिकशायर काउंटी कौन्सिलला विल्मकोटजवळ नवा पूल बांधायचा होता. खालून नाव जायची तर पूल उंच हवा, खर्च वाढतो. म्हणून कौन्सिलने अर्ज केला, की दक्षिणेचा हा कालवा तीन वर्षांत कोणी वापरलेला नाही, तो निकामी जाहीर करा. कायद्यात तशी सोय होती. कागद तयार, साहेब तयार. आणि तेवढ्यात स्थानिक लोकांतून दोघे जण पुढे आले. त्यांनी त्या झुडपांतून, गाळातून आपल्या वल्ह्याच्या छोट्या होड्या नेल्या होत्या. नेताना टोल भरला होता. आणि तारीख घातलेली पावती जपून ठेवली होती!

बस्स. एक पावती. कालवा वापरात आहे याचा तो पुरावा. १९५९ साली मंत्रालयाने जाहीर केलं, कालवा बंद करायला परवानगी नाही.

सत्तर-ऐंशी वर्षं मालकांनी ज्याला जाणूनबुजून निकामी केलं, त्याला 'निकामी' असा शिक्का मारायला तेच लोक कागद घेऊन येतात. आधी पाय मोडायचा, मग म्हणायचं हा लंगडा शर्यतीला नालायक. आपल्या नगरपालिकेच्या शाळा अशाच पडल्या, चाळी अशाच पडल्या. त्या शिक्क्याला उत्तर काय? तर वापर, आणि वापराचा पुरावा.

आपल्याला हे इंग्लंडकडून शिकायची गरज नाही. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव होता. कागद होते, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्याली, तेव्हा कागदात जीव आला. पुढे कोर्टात दावा लागला आणि १९३७ साली हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. फरक एवढाच, की त्या दोन होडीवाल्यांची डोकी कोणी फोडली नाहीत आणि कालव्यात शेण-गोमूत्र टाकून तो शुद्ध करायला कोणी आलं नाही. हा 'एवढाच' फरक म्हणजे जात.

पुढे काय झालं? १९६० साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने दक्षिण भाग भाडेपट्ट्याने घेतला. कामाचं पुढारपण डेव्हिड हचिंग्ज नावाच्या वास्तुशिल्पकाराने केलं. १९६१ पासून शनिवार-रविवारी पोरंपोरी येऊ लागली. गाळात कमरेएवढी उतरली, फावडी मारली, कुजलेली दारं काढून नवी बसवली. तीन वर्षांत छत्तीस लॉक उभे राहिले. ११ जुलै १९६४ रोजी राणीच्या आईच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. शेक्सपियरच्या जन्माला चारशे वर्षं झाली तेच वर्ष. हे पाहून ठिकठिकाणचे लोक आपापल्या बुजलेल्या कालव्यात उतरले. स्ट्रॅटफर्डच्या खालची एव्हन नदीसुद्धा १९७४ साली नावांना खुली झाली, तेही काम हचिंग्जनेच केलं. १९८८ साली दक्षिणेचा कालवा पुन्हा सरकारी जलमार्ग मंडळाकडे गेला आणि २०१२ पासून एक विश्वस्त संस्था तो बघते. आज त्यावर कोळसा नाही, सुट्टीला आलेले लोक फिरतात.

ऐकायला छान वाटतं. पण टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट ऐका. त्या गाळात फक्त हौशी पोरं नव्हती. लष्कराचे जवान होते. आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातले कैदी होते. एकाच चिखलात दोन तऱ्हेची माणसं. एक जण रविवारी संध्याकाळी घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ करणार. दुसरा कोठडीत परत जाणार. फावडं तेच, घाम तोच. पण एकाचं दान आणि दुसऱ्याचं काय? त्या कैद्यांना कोठडीपेक्षा मोकळी हवा बरी वाटली असेल, मी नाही म्हणत नाही. तरी श्रम तोच दान करू शकतो, ज्याला 'आज मी येत नाही' म्हणायची मुभा आहे.

आपल्या देशातले कालवे अशी मुभा नसलेल्यांनीच खणले. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रासला बकिंगहॅम कालव्याचा कूम आणि अड्यार नद्या जोडणारा तुकडा दुष्काळी मजुरांनी खणला. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल या साहेबाने मोठ्या पुरुषाची मजुरी ठरवली दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर माती उपसायची! सरकारच्याच आरोग्य अधिकाऱ्याने, डॉक्टर कॉर्निशने, याला विरोध केला आणि पुढे ती मजुरी वाढवावी लागली. पण तोवर किती माणसं त्या मातीतच मिसळली. कालव्याला नाव मिळालं गव्हर्नरचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं.

म्हणून गावात कोणी श्रमदानाची हाक दिली तर जरूर जा. पण आधी तीन प्रश्न विचारा. एक, पाणी आल्यावर ते कोणाच्या शेतात जाणार? दोन, ज्याच्या शेतात जाणार तो फावडं घेऊन खाली उतरलाय का, की काठावर उभा राहून फोटो काढतोय? तीन, मी 'नाही' म्हटलं तर चालेल का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर ते श्रमदान. नाही मिळाली तर ती आपल्या बापजाद्यांची वेठबिगार, फक्त तिला खादीचा सदरा घातलाय.

दोस्तहो, या गोष्टीतून मला घ्यावासा वाटतो तो ना रोल्ट, ना हचिंग्ज, ना राणीची आई. मला घ्यावीशी वाटते ती टोलची पावती. आपल्याकडे मोर्चाला हजार माणूस जमतो, पण कागद जपणारा एक मिळत नाही. तुमच्या गावच्या पाणवठ्याचा ठराव कुठल्या साली झाला? वस्तीतल्या सार्वजनिक विहिरीची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? कालव्याची चारी तुमच्या आजाच्या तुकड्यापर्यंत नकाशात आहे आणि जमिनीवर नाही, असं तर नाही ना? सुट्टीत गावी जाल तेव्हा नकाशा मागा. अर्ज करा, पोच घ्या, तारखेसह. आणि पाणवठ्यावर जा, चौघं मिळून जा, परत परत जा. न वापरलेला हक्क गाळाने भरतो. मग एक दिवस साहेब येतो आणि म्हणतो, इथे काही नव्हतंच.

त्या दिवशी तुमच्या खिशात पावती असली पाहिजे.

जय भीम!