परमुलखांत बिऱ्हाड मांडतांना

वऱ्हाडांतील लहानसहान गांवांतूनहि आज तरुण मंडळी जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान, आखाती देश अशा दूरच्या मुलखांत शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं जाऊं लागली आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या प्रयाणाचा दिवस ठरला, कीं घरांत पेट्यांची लगबग सुरू होते. पापड किती, काळा मसाला किती, लोणच्याची बरणी कोणत्या कपड्यांत गुंडाळावी, याचा खल दहादां होतो. परंतु परमुलखांत उतरल्यावर पहिल्या दिवसापासून लागणारी दुसरीहि एक शिदोरी असते. तिच्याविषयीं घरांत फारसें बोलणें होत नाहीं. तिचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा लाड हें गांव या बाबतींत पाहण्यासारखें आहे. त्याच्या नांवांतील ‘लाड’ या शब्दाचा संबंध लाट देशाशीं, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेशीं जोडला जातो. तेथून आलेले लाड लोक या गांवीं स्थायिक झाले. राजस्थानांतील बघेरा गांवाचें नांव धारण करणारे बघेरवाल जैनहि येथें येऊन राहिले. या मंडळींनीं आपलीं मंदिरें बांधलीं आणि आपल्या पोथ्या जिवापाड जपल्या. त्या इतक्या नीट जपल्या, कीं विसाव्या शतकांत डॉ. हिरालाल जैन व डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या विद्वानांना कारंज्याच्या भांडारांतील हस्तलिखितांच्या आधारें अपभ्रंश भाषेंतील जुने ग्रंथ प्रसिद्ध करतां आले. मात्र पोथी घरांत जपणाऱ्या याच लोकांनीं बाजारांत, शेतांत व चावडीवर वऱ्हाडी बोली आपलीशी केली. जैन पंडितांनीं मराठींत ग्रंथहि रचले. घरांतलें घरांत राखावें आणि अंगणापलीकडचें शेजाऱ्याकडून शिकावें, हा त्यांचा क्रम आजच्या प्रवाशालाहि उपयोगी पडणारा आहे.

याच कारंज्यांत चौदाव्या शतकांत श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. त्यांचें पुढील आयुष्य काशी, औदुंबर, नरसोबाची वाडी आणि कानडी मुलखांतील गाणगापूर येथें गेलें. त्यांचें चरित्र सांगणाऱ्या सरस्वती गंगाधरानें ‘गुरुचरित्रा’च्या आरंभींच आपणांस मराठी भाषा येत नाहीं, असें मोकळ्या मनानें सांगून टाकलें आहे. तरीहि तो लिहीत राहिला, आणि त्याचा ग्रंथ मराठी घरांत शतकानुशतकें वाचला जात आहे. परभाषेंत आपण चुकूं, लोक हंसतील, या लाजेनें तोंड मिटून बसणाऱ्यानें ही गोष्ट आठवावी. परमुलखांत माणसाला सर्वांत अधिक नडते ती विचारण्याची लाज. विचारणाऱ्याला वाट सांपडते. लाजणारा पहिल्याच वळणावर अडतो.

प्रथम निघण्यापूर्वींची तयारी. पासपोर्ट, व्हिसा, पदवीचीं प्रमाणपत्रें, जन्माचा दाखला व लस टोंचल्याची नोंद यांच्या दोन दोन प्रती काढाव्या. एक घरीं ठेवावी, एक वेगळ्या पिशवींत न्यावी. चष्म्याचा नंबर लिहून घ्यावा आणि दांतांची दुरुस्ती येथेंच उरकावी, कारण बहुतेक पाश्चात्त्य देशांत दांतांचा उपचार फार महाग पडतो. औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीं. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध किंवा ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामक गोळी कांहीं देशांत परवानगीवांचून नेल्यास गुन्हा ठरतो. खाद्यपदार्थांचीहि तीच गोष्ट. संयुक्त अरब अमिरातींत खसखस ही निषिद्ध वस्तूंत मोडते; म्हणून दिवाळीचे अनारसे दुबईस पाठविण्यापूर्वीं आईनें दोनदां विचार करावा. ऑस्ट्रेलियांत उतरतांना जवळच्या खाद्यपदार्थांची नोंद प्रवेशपत्रावर प्रामाणिकपणें करावी लागते. नोंदलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपविलेला सांपडला तर जबर दंड बसतो.

घर भाड्यानें घेतांना फार सावध असावें. न पाहिलेल्या घरासाठीं कोणा अनोळखी इसमास आगाऊ रक्कम पाठवूं नये. पहिले पंधरा दिवस विद्यार्थीगृहांत किंवा ओळखीच्या माणसाकडे काढावे, आणि घर डोळ्यांनीं पाहून मगच करारावर सही करावी. नोकरीसाठीं जाणाऱ्यानें मध्यस्थ सरकारदरबारीं नोंदलेला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. कराराची भाषा समजत नसेल, तर समजणाऱ्याकडून ती वाचून घ्यावी. पासपोर्ट हा स्वतःजवळच ठेवावा. ‘सांभाळून ठेवतों’ असें म्हणणाऱ्या मालकाच्या हवालीं तो करूं नये.

तेथें पोंचल्यावर पहिला पंधरवडा महत्त्वाचा. जर्मनींत नव्या घरीं राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. जपानांतहि यासाठीं चौदाच दिवसांची मुदत असते. ही नोंद झाली, कीं बँकेचें खातें, दूरध्वनी, विमा हीं पुढचीं कामें सुलभ होतात. संकटकाळचा क्रमांक पाठ असावा : युरोपीय संघांत ११२, अमेरिकेंत ९११, ब्रिटनमध्यें ९९९, ऑस्ट्रेलियांत ०००, जपानांत पोलिसांसाठीं ११० व रुग्णवाहिकेसाठीं ११९. जर्मनी व अमेरिका येथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें धांवतात, म्हणून रस्ता ओलांडतांना पहिली नजर डावीकडे टाकण्याची संवय करावी. जन्मभराची संवय घाईच्या क्षणीं दगा देते.

आतां शेजाराविषयीं. आपल्याकडे शेजारी न सांगतां येतो आणि चहा घेऊन जातो. अनेक देशांत आधीं कळविल्यावांचून कोणाच्या दारीं जात नाहींत. यांत तुसडेपणा नसतो. दुसऱ्याच्या वेळेचा मान ठेवण्याची ती रीत असते. जर्मनींत रविवारीं व रात्रीं शांतता पाळावी लागते. त्या वेळीं भिंतीस खिळा ठोकणें किंवा मोठ्यानें गाणीं लावणें कोणास खपत नाहीं. जर्मनी व जपान या दोन्ही देशांत कचरा वेगवेगळा करून ठरलेल्या दिवशींच बाहेर ठेवावा लागतो. तो चुकीच्या दिवशीं ठेवणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनांतून उतरतो, आणि का उतरला हें त्याला बिचाऱ्याला कित्येक महिने कळत नाहीं. म्हणून घराचा ताबा घेतांनाच कचऱ्याचें वेळापत्रक मागून घ्यावें.

फोडणीची कथा तर सर्वांनींच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. थंड देशांतील घरें बंदिस्त असतात आणि छताला धूर ओळखणारें यंत्र बसविलेलें असतें. मिरचीची खमंग फोडणी पडली, कीं तें कर्कश ओरडूं लागतें. कांहीं इमारतींत सर्व बिऱ्हाडांना खालीं उतरावें लागतें आणि अग्निशामक दलहि येऊन ठेपतें. यास्तव आधीं पंखा चालू करावा, खिडकी उघडावी आणि मंद आंचेवर फोडणी करावी. तें यंत्र कापडानें झांकून ठेवण्याचा उपाय कोणीं सुचविला तर मुळींच ऐकूं नये. खरी आग लागेल त्या रात्रीं तेंच प्राण वांचविणार असतें.

प्रकृतीची गोष्ट याहूनहि गंभीर. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं एकट्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्यामागें एक मोठा आधार होता. न्यू जर्सींतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशीं त्यांचा आधींपासून पत्रव्यवहार होता. त्यांच्याच घरीं त्या प्रथम उतरल्या आणि त्यांना ‘मावशी’ म्हणूं लागल्या. परमुलखांत पाऊल ठेवण्यापूर्वीं तेथें एक तरी घर आपलें करून ठेवावें, हा त्यांतील धडा. आनंदीबाईंनीं आपला पोशाख व शाकाहार सोडला नाहीं, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. परंतु आधींच नाजूक असलेली त्यांची प्रकृति तेथील थंडींत व अनोळखी आहारावर ढासळली, क्षयानें त्यांना घेरलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वींच त्यांचा अंत झाला. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. आज तें आहे, लोंकर आहे, विमा आहे. अशा वेळीं दुखणें अंगावर काढणें हा शहाणपणा नव्हे. एका जाड कोटापेक्षां अंगावर दोन-तीन पातळ थर असावे आणि पायांत पाणी न शिरणारे बूट असावे. हिवाळ्यांत उत्तरेकडील देशांत सूर्य दुपारींच कलतो, त्या दिवसांत मन उगाच उदास होतें. अशा वेळीं दिवसाउजेडीं रोज बाहेर फिरावें. उदासी हटेना, तर ताप आल्यावर जावें तितक्याच सहजपणें डॉक्टरकडे जावें.

आपल्या लोकांचा सहवास हवाच. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून मराठी माणसांना एकत्र आणीत आहे, आणि अशीं मंडळें आज अनेक देशांत आहेत. गणपतीच्या आरतीला पन्नास मराठी माणसें भेटलीं, कीं महिनाभराचा शीण उतरतो. परंतु सगळा आठवडा त्याच वर्तुळांत काढणाऱ्याला तो देश केवळ खिडकींतून दिसतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचें उदाहरण येथें आठवतें. क्रांतिकार्यामुळें मायदेशाला मुकलेले हे गृहस्थ मेक्सिकोंत गेले, स्पॅनिश भाषा शिकले, चापिंगोच्या कृषिविद्यालयांत अध्यापक झाले आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं शेतीच्या मुक्त शाळा चालविल्या. मका व गहूं यांवर त्यांनीं संशोधन केलें. त्या देशानें त्यांना इतकें आपलें मानलें, कीं डिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिलें. पुढें स्वातंत्र्यानंतर ते भारतांत परतले आणि १९६७ सालीं नागपुरास त्यांचें निधन झालें. ज्या देशाचें अन्न खावें, त्याच्या कामाला हात लावावा, म्हणजे परकेपणा आपोआप झिजतो.

शेवटीं घरीं राहणाऱ्यांसाठीं दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी दूरध्वनीवर ‘सगळें ठीक आहे’ म्हणते, तेव्हां तें नेहमींच खरें असतें असें नाहीं. गांवांत आपली फजिती होऊं नये, कर्ज काढून पाठविणाऱ्या वडिलांचें मन मोडूं नये, म्हणून मुलें नापासी लपवितात, गेलेली नोकरी लपवितात, आजारपणहि लपवितात. ‘अमक्याच्या मुलानें दोन वर्षांत घर घेतलें’ हें वाक्य आईबापांनीं तोंडांतून काढूं नये. त्याऐवजीं जातांनाच मुलाला स्पष्ट सांगावें, कीं नाहीं जमलें तर परत ये; दार उघडें आहे, आणि लोक काय म्हणतील तें आम्ही पाहून घेऊं. एवढें आश्वासन पदरीं असलेलें मूल संकटांत चुकीच्या माणसाकडे न जातां प्रथम घरीं फोन करतें.

आणि आपल्या गांवीं परप्रांतांतून किंवा परदेशांतून कोणी शिकावयास, राबावयास आला असेल, तर त्याला खोली नाकारतांना, त्याच्या मोडक्या मराठीला हंसतांना क्षणभर थांबावें. त्याचेंहि घर कोठें तरी त्याच्या फोनची वाट पाहत असतें. पाण्याचा नळ किती वाजतां येतो, भाजीबाजार कोणत्या वारीं भरतो, रात्रीं कोणता दवाखाना उघडा असतो, एवढें त्याला न विचारतां सांगितलें, तरी त्याचा अर्धा परदेश संपतो.