गुहागरचा मुक्काम
(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं आणि घरची खुशाली सांगायची, असा संयोजकांचा हुकूम आहे. तेव्हा खुशाली आधी. नवरा पुण्यातच, केस थोडे कमी. लेक पदवी संपवून सप्टेंबरात जर्मनीला गेली. धाकटा भाऊ न्यू जर्सीला. मी अजून कोडच लिहिते, म्हणजे आता दुसऱ्यांचा तपासते जास्त. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. गॅदरिंगला पेटीची साथ करायला यायचे ते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील.

आणि आई गुहागरला एकटी राहते. ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, "अगं, तिला तिकडे एकटीला कसं ठेवलंस?" त्याचं उत्तर ग्रुपवर टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे बोलते.

निवृत्तीनंतर बाबांनी गुहागरचं वडिलोपार्जित घर दुरुस्त करून घेतलं. आई मिरजेची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि तिकडे राहायला गेल्यावरही पहिली दोन वर्षं "भरतीच्या आवाजाने झोप लागत नाही" म्हणायची. त्यामुळे बाबांच्या मागे ती माझ्याकडे येईल, असं आम्हा दोघा भावंडांना वाटत होतं. ती येईना. गेल्या डिसेंबरात विहिरीपाशी घसरली आणि मनगट मोडलं. मग भावाने तगादाच लावला, घर विकू आणि आईला पुण्याला ने. मी घरून कामाची परवानगी काढली, लॅपटॉप आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं घेतली आणि जानेवारीत गेले. ठरलं होतं महिन्याभराचं, राहिले मार्च संपेपर्यंत.

ज्यांनी गुहागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, आणि पश्चिमेकडच्या घरांच्या परसातून सुरूच्या बनात शिरलं की समोर वाळू. उत्तरेला अंजनवेल. आपण नववीत ज्यावर वादविवाद केला तो एन्रॉनचा प्रकल्प तिथलाच. मी विरोधी बाजूने बोलले होते आणि हरले होते. त्या वेळचे परीक्षक सर आत्ता पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे पुढे काही बोलत नाही.

पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला दाराची कडी वाजली. मागोमाग गेले. प्लॅस्टरमधला हात पोटाशी धरून आई किनाऱ्याने चालली होती आणि तिच्या पुढे बॅटरी घेतलेला एक कासवमित्र. हे गावातलेच लोक, वनखात्यासाठी काम करणारे. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, वाळूत साधारण दीड फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि परत पाण्यात. पिल्लांचं तोंडसुद्धा बघत नाही. मागे राहतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी तो गाठायचा, काठीने वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचं, अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि तारखेची पाटी लावायची. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम 2002 साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने सुरू केलं. पूर्वी हीच अंडी लोक खायला आणि विकायला न्यायचे.

आई फक्त बरोबर चालते. पण घरी आल्यावर दुधाच्या वहीत लिहून ठेवते. "दूध अर्धा लिटर", आणि खाली "घरटं एक, अंडी 112". बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यापासून तिचं हे चालू होतं आणि आम्हा दोघांनाही तिने चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ओरडला असता."

माझं सकाळच्या मीटिंगआधीचं आयुष्यच बदललं. समोर डॉल्फिनच्या पाठी दिसायच्या. वाडीतल्या वडावर धनेश यायचे, त्यांच्या पंखांचा आवाज मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायचा. कासवांना लावलेल्या उपग्रह ट्रान्समीटरचं मला तर वेडच लागलं. 2022 आणि 2023 मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या काही माद्यांना ते बसवले होते. पाण्याखालून संदेश जात नाही. कासव श्वास घ्यायला वर आलं, की तेवढ्या वेळात ते यंत्र उपग्रहाला हाक मारून घेतं. 2023 ची गुहागरची बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

जानेवारीतल्या घरट्याची पिल्लं मार्चमध्ये निघाली. आईचं प्लॅस्टर तोवर निघालं होतं. सकाळी पावणेसातला टोपली उचलली तेव्हा घराच्या व्यवहाराचं बोलायला भावाचा फोन चालू होता. मी कॅमेरा वाळूकडे वळवला. जीवशास्त्राच्या बाई, तुम्ही बरणीत दाखवायचात तसंच पिल्लू, पण हे डोळ्यांतली वाळू झटकत होतं. पाण्यापर्यंत पोचलं, लाटेने मागे फेकलं, पुन्हा निघालं. तिसऱ्यांदा गेलं ते गेलंच. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईचे गुडघे वाळूत दुखत नाहीत का?" घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

गुहागरात सगळे म्हणतात, कासवीण बाळंतपणाला माहेरी येते. शास्त्रही साधारण तेच सांगतं, मादी जन्मलेल्या किनाऱ्याकडे परतते. पण मी पुण्याला आल्यावर पेपरात बातमी आली. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेली होती. पूर्व किनाऱ्यावरची कासवीण, साडेतीन हजार किलोमीटरवर, आमच्या दारात. आईने फोनवर पूर्ण बातमी वाचून दाखवली आणि म्हणाली, "बघ. मिरजेला तरी कुठे समुद्र होता?"

घर विकलेलं नाही. विहिरीपाशी कठडा झाला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, शेजारची सून रात्री झोपायला येते, तिचा पगार भाऊ पाठवतो. पण आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मोठं हॉस्पिटल चिपळूणला, आणि रात्री-अपरात्री तिथे पोचायला तासाहून जास्त लागतो. हा हिशेब अजून सुटलेला नाही. मी आणि भाऊ दर रविवारी त्यावर भांडतो. आई त्या वेळी फोन टेबलावर ठेवून चहा करायला जाते.

जानेवारीत मी पुन्हा जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी फेब्रुवारी-मार्च धरा, पिल्लं तेव्हा निघतात. किनाऱ्यावर फ्लॅश चालत नाही, आवाज चालत नाही, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मंडळींनी आधी विचार करावा. दहा जण आमच्या ओटीवर आरामात झोपतील. जेवणाचं मात्र आईला दोन दिवस आधी सांगावं लागेल.